मोटार, सायकल आणि पायवाट : अमेरिकी राष्ट्रीय उद्यानांची वाटचाल

मोटारीने राष्ट्रीय उद्यान गाठायचे, तळावर तंबू ठोकायचा आणि उरलेला दिवस पायी किंवा सायकलवर हिंडायचे, ही अमेरिकेतील अनेक कुटुंबांच्या उन्हाळी सुट्टीची रूढ पद्धत आहे. उद्यानातले रस्ते कोणासाठी, हा वाद तिच्यामागे शतकभर चालला. पायी चालणाऱ्यांना आणि सायकलस्वारांना आज तेथे जी जागा मिळते, ती बरीचशी त्या वादातून निघाली आहे.

पहिले राष्ट्रीय उद्यान यलोस्टोन. १ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी त्याच्या कायद्यावर सही केली, तेव्हा मोटार अस्तित्वात नव्हती. १८८३ मध्ये नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचा फाटा उद्यानाच्या उत्तर सीमेजवळ आला. तेथे उतरून प्रवासी घोडागाडीने पुढे जात. त्याच वर्षी लष्करी अभियंता डॅन किंगमन याने उद्यानातील रस्त्यांची आखणी हाती घेतली आणि पुढे हिरम चिटेंडन याने ती पुढे नेली. गरम पाण्याची कारंजी, सरोवर आणि दरी यांना जोडणारा सुमारे १४२ मैलांचा (२२९ किलोमीटर) वर्तुळाकार रस्ता त्यातूनच तयार झाला. रस्ता नीट होण्याची वाट मात्र सायकलस्वारांनी पाहिली नाही. १८८३ मध्येच वायोमिंगमधील लॅरमी गावच्या सायकल क्लबचे तीन सदस्य यलोस्टोन फिरून आले. त्यांच्या सायकली पुढचे चाक उंच आणि मागचे लहान असलेल्या होत्या. दोन सारख्या चाकांची सायकल बाजारात रुळायला अजून काही वर्षे होती.

ऑगस्ट १८९६ मध्ये याच रस्त्यांवर लष्कराने सायकलची कसोटी घेतली. माँटानातील फोर्ट मिझुला येथे पंचविसावी पायदळ पलटण होती. तिच्यातील आठ कृष्णवर्णीय सैनिकांना घेऊन लेफ्टनंट जेम्स मॉस याने यलोस्टोनची सुमारे ८०० मैलांची फेरी पूर्ण केली. सायकलला चारा लागत नाही, मग ती घोड्याची जागा घेऊ शकेल का, हा त्यामागचा प्रश्न होता. पुढच्या वर्षी २० सैनिकांची तुकडी मिझुलाहून सेंट लुईसपर्यंत १,९०० मैल ४१ दिवसांत गेली. १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धाने लष्कराचे लक्ष दुसरीकडे वळले आणि प्रयोग तेथेच थांबला.

मोटारीला उद्यानांत प्रवेश सहजी मिळाला नाही. जून १९०० मध्ये ऑलिव्हर लिपिंकॉट वाफेवर चालणारी मोटार घेऊन योसेमिटी दरीत उतरला. पुढे मोटारींची संख्या वाढली, घोडे बुजू लागले आणि १९०७ मध्ये योसेमिटीत मोटारींना बंदी झाली. १९०८ मध्ये माउंट रेनियरने मोटारींना रीतसर परवानगी दिली. मोटार क्लबांच्या दबावापुढे १९१३ मध्ये योसेमिटीची बंदी उठली आणि १९१५ मध्ये यलोस्टोनही खुले झाले. २५ ऑगस्ट १९१६ रोजी राष्ट्रीय उद्यान सेवा स्थापन झाली. तिचे पहिले संचालक स्टीफन माथर मोटारीचे पक्के पुरस्कर्ते होते. लोक आले नाहीत तर काँग्रेस पैसे देणार नाही, आणि लोक येण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग मोटार, असा त्यांचा हिशेब होता. १९२० मध्ये पश्चिमेकडील १२ उद्यानांना जोडणाऱ्या सुमारे ५,००० मैलांच्या ‘पार्क टू पार्क’ महामार्गाची घोषणा झाली. मोटारीने उद्यानामागून उद्यान पाहत जाण्याची सहल तेव्हापासून लोकांच्या मनात रुजली.

याच काळात मेन राज्यातील माउंट डेझर्ट बेटावर एक वेगळेच बांधकाम चालले होते. तेलसम्राटाचा मुलगा जॉन डी. रॉकफेलर (धाकटे) यांना घोडागाडी हाकण्याचा शौक होता. बेटावर मोटारी येणार हे दिसू लागताच त्यांनी १९१३ पासून स्वतःच्या खर्चाने मोटारविरहित रस्ते बांधायला घेतले, आणि ते काम १९४० पर्यंत चालले. सुमारे १६ फूट रुंदीचे हे रस्ते खडीचे थर दाबून केलेले आहेत. घोड्यांना झेपावा म्हणून चढ सौम्य ठेवला आहे. कडेला बसवलेल्या ग्रॅनाइटच्या ओबडधोबड शिळांना लोक गमतीने ‘रॉकफेलरचे दात’ म्हणतात. वाटेतल्या १७ दगडी पुलांपैकी १६ त्यांच्या पैशातून उभे राहिले. आज अकेडिया राष्ट्रीय उद्यानात या रस्त्यांची लांबी सुमारे ४५ मैल (७२ किलोमीटर) आहे. घोड्यासाठी काढलेला सौम्य चढ सायकललाही मानवला. देशातील उद्यानांमधल्या उत्तम सायकलमार्गांत त्यांची गणना होते.

इतर उद्यानांत रस्ते आणि पायवाटा बरोबरीने झाल्या. ग्रँड कॅन्यनमधील ब्राइट एंजल या वाटेवर राल्फ कॅमेरॉन नावाचा खासगी मालक डोईमागे एक डॉलर टोल घेई. त्याला पर्याय म्हणून उद्यान सेवेने १९२५ पर्यंत साउथ कायबाब ही स्वतःची वाट कड्यातून खोदली. १९२८ मध्ये ब्राइट एंजलही सरकारकडे आली. झायनमध्ये १९२६ साली एंजल्स लँडिंगची वाट झाली. तिच्यावरच्या २१ अरुंद नागमोडी वळणांना उद्यानाचे अधीक्षक वॉल्टर रूश यांचे नाव आहे. ग्लेशियर उद्यानातील ‘गोइंग टू द सन’ हा ५० मैलांचा घाटरस्ता १५ जुलै १९३३ रोजी खुला झाला. तो लोगन खिंडीत ६,६४६ फुटांवर (२,०२६ मीटर) चढतो आणि हायलाइन ही प्रसिद्ध पायवाट तेथूनच सुटते. एरवी अनेक दिवसांच्या चालीने गाठावी लागणारी उंची मोटारवाल्यांना तासाभरात मिळाली आणि दिवसभराची पायपीट सर्वसामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आली.

या पायवाटांना मनुष्यबळ मिळाले ते महामंदीमुळे. १९३३ ते १९४२ या काळात ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ या योजनेत सुमारे ३० लाख बेकार तरुणांनी काम केले. पायऱ्या, बांध, लाकडी पूल, निवारे, तंबूतळ अशी त्यांची कामे अनेक उद्यानांत अजून वापरात आहेत. शेनान्डोआतील १०५ मैलांच्या स्कायलाइन ड्राइव्हवरही ते राबले. पण हा रस्ता डोंगरमाथ्यावरून नेल्याने १९२१ मध्ये बेंटन मॅकाय यांनी सुचवलेल्या अ‍ॅपलाशियन पायवाटेचा मोठा भाग हटवावा लागला. कोअरच्या तरुणांनी शेजारी नवी वाट बांधली आणि १९३७ मध्ये पायवाट पूर्ण झाली. मॅकाय यांचा राग मात्र गेला नाही. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या ‘वाइल्डरनेस सोसायटी’च्या संस्थापकांत ते होते, आणि डोंगरमाथ्यावरच्या रस्त्यांना विरोध हे तिच्या स्थापनेचे एक मोठे कारण होते.

ही सहल सर्वांना सारखी उपलब्ध नव्हती. शेनान्डोआत कृष्णवर्णीयांसाठी १९३९ मध्ये लुईस माउंटन येथे वेगळा तळ उघडण्यात आला. वर्णभेदाची ही व्यवस्था मोडायला १९५० उजाडले. वाटेत मुक्काम आणि जेवण कोठे मिळेल, यासाठी कृष्णवर्णीय प्रवासी १९३६ पासून निघणाऱ्या ‘ग्रीन बुक’ या मार्गदर्शिकेवर अवलंबून असत.

रस्त्याला पायांनी दिलेले सर्वांत गाजलेले उत्तर १९५४ मधले आहे. वॉशिंग्टन ते कंबरलँड हा १८४.५ मैलांचा चेसापीक अँड ओहायो कालवा १९२४ मध्ये बंद पडला होता. १९३८ मध्ये सरकारने तो विकत घेतला आणि पुढे त्यावरून मोटाररस्ता नेण्याची योजना आखली. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने अग्रलेखातून तिला पाठिंबा दिला. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना आपल्याबरोबर कालव्याकाठी चालत येण्याचे जाहीर आव्हान दिले. मार्च महिन्यात आठ दिवसांत ही पदयात्रा पार पडली. सुरुवातीला निघालेल्यांपैकी मोजकेच जण शेवटपर्यंत टिकले, पण वृत्तपत्राने भूमिका बदलली. योजना बारगळली आणि १९७१ मध्ये कालवा राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. खेचरांनी नावा ओढण्यासाठी केलेली त्याची काठवाट आता चालणाऱ्यांची आणि सायकलस्वारांची आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींचा लोंढाच लोटला. त्यासाठी १९५६ मध्ये ‘मिशन ६६’ ही दहा वर्षांची योजना सुरू झाली. रस्ते रुंद झाले, वाहनतळ वाढले, माहिती केंद्रे उभी राहिली. प्रतिक्रियाही उमटली. १९६४ च्या वन्यप्रदेश कायद्याने ठराविक क्षेत्रांत यांत्रिक वाहतूक बंद केली. १९६८ च्या राष्ट्रीय पायवाट कायद्याने अ‍ॅपलाशियन आणि पॅसिफिक क्रेस्ट या दोन लांब पायवाटांना राष्ट्रीय दर्जा दिला. त्याच वर्षी एडवर्ड अ‍ॅबी यांचे ‘डेझर्ट सॉलिटेअर’ प्रसिद्ध झाले. आर्चेसमध्ये हंगामी वनरक्षक राहिलेल्या अ‍ॅबींनी त्यात उद्यानांत मोटारी बंद करून लोकांनी पायी, घोड्यावर किंवा सायकलवर फिरावे असे सुचवले. तेव्हा ते टोकाचे वाटले, पण काही ठिकाणी तसे घडलेही. योसेमिटीने १९७० मध्ये दरीच्या पूर्व टोकाचा काही भाग खासगी मोटारींना बंद करून मोफत बस सुरू केली. झायनने २००० मध्ये मुख्य दरीत तेच केले. गर्दीच्या हंगामात तेथील रस्त्यावर बस आणि सायकलीच दिसतात. ग्लेशियरमध्ये वसंतात यंत्रे बर्फ हटवत असतात, त्या आठवड्यांत घाटरस्ता मोटारींच्या आधी सायकलींना मिळतो.

लांब पल्ल्याच्या सायकल प्रवासाला १९७६ मध्ये नवे बळ आले. देशाच्या द्विशताब्दीनिमित्त ‘बाइकसेंटेनियल’मध्ये सुमारे ४,००० जणांनी भाग घेतला. ऑरेगॉन ते व्हर्जिनिया हा सव्वाचार हजार मैलांचा मार्ग ग्रँड टीटन आणि यलोस्टोनमधून जातो. आयोजक संस्थेचे केंद्र मिझुलाच होते. त्याच सुमारास कॅलिफोर्नियात डोंगरी सायकल जन्मली आणि पायवाटांवर नवा वाद उभा राहिला. १९८७ च्या नियमाने उद्यान सेवेने सायकली मोटाररस्त्यांवर आणि खास नेमून दिलेल्या वाटांवरच ठेवल्या. डोंगरी सायकलवाल्यांचे आवडते ठिकाण बनलेला कॅन्यनलँड्समधील सुमारे १०० मैलांचा व्हाइट रिम रस्ताही मुळात १९५० च्या दशकात युरेनियमच्या शोधासाठी काढलेला आहे. विजेवर चालणाऱ्या सायकलींबाबतचा नियम २०२० मध्ये आला.

एकूण चित्र असे दिसते. चालणाऱ्यांच्या वाटा मुख्यतः १९२० आणि १९३० च्या दशकांत, मोटाररस्त्यांबरोबर, जाणीवपूर्वक बांधल्या गेल्या. सायकलींना मात्र बहुतेक ठिकाणी इतरांनी इतर कारणांसाठी केलेले रस्ते मिळाले : घोडागाडीचे, खेचरांचे, खाणशोधकांचे किंवा मोटारींना बंद झालेले. खास सायकलींसाठी बांधलेले मार्ग, जसा ग्रँड टीटनमध्ये २००९ मध्ये खुला झालेला, अजून थोडेच आहेत. २०१६ मध्ये, उद्यान सेवेच्या शताब्दी वर्षात, तिच्या सर्व स्थळांना ३३ कोटींहून अधिक भेटींची नोंद झाली. इतक्या मोटारी मावतील एवढे वाहनतळ बांधणे आता शक्य नाही, त्यामुळे पायी आणि सायकलने हिंडण्याची सोय वाढवणे ही उद्यानांच्या व्यवस्थापनाचीच गरज झाली आहे.