एकशेतीस डॉलरची गिटार

लाल रंग आणि त्यावर वेड्यावाकड्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. 'व्हॅन हेलन' बँडची ही गिटार रॉक ऐकणारा कुणीही लांबून ओळखेल. तिची कुळकथा मात्र सुरू होते ड्रमपासून.

क्लॅरिनेट वाजवणारे डच वडील आणि जावा बेटावरची आई यांच्यासोबत अ‍ॅलेक्स आणि एडी हे व्हॅन हेलन बंधू १९६२मध्ये नेदरलँड्सहून कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेनाला आले. पुढे धाकट्या एडीने ड्रम घेतले आणि त्यांचे पैसे फेडायला तो घरोघर पेपर टाकू लागला. तो बाहेर पडला की थोरला ड्रमवर बसायचा. बघता बघता अ‍ॅलेक्सचा हात एडीपेक्षा सरस झाला, तेव्हा एडीने गिटार उचलली. १९७४पासून बँडला भावांचंच आडनाव मिळालं.

एडीची अडचण साधी होती. गिब्सन कंपनीच्या गिटारींचा आवाज भरदार, पण बहुतेकींना सूर हलवायची दांडी नाही. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरला दांडी आहे, पण आवाज बारीक. मग त्याने ५० डॉलरला स्ट्रॅटच्या आकाराचं लाकडी धड आणि ८० डॉलरला मान विकत घेतली. धड कोरून त्यात गिब्सनचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज टिपणारा भाग, बसवला, तोही तिरपा, कारण दोन्ही कंपन्यांच्या तारांमधलं अंतर जुळत नव्हतं. मोठ्या आवाजात पिकअपच्या तारेचे सैल वेढे थरथरतात आणि गिटार किंचाळते. म्हणून पिकअप वितळलेल्या मेणात बुडवून काढला. वायरिंग नीट येत नव्हतं, तेव्हा बटण एकच ठेवलं. चिकटपट्ट्या लावून सायकलचा रंग फवारला. लाल रंग १९७९मधला, नंतरचा.

याच गिटारीवर १९७८च्या पहिल्या अल्बममधलं 'इरप्शन' वाजलं. पावणेदोन मिनिटांचाही नाही तो तुकडा, पण दोन्ही हातांनी तारा टॅप करायचं वेड त्याने जगभर पसरवलं. ते तंत्र एडीने शोधलं नव्हतं, हेही सांगायला हवं.

नक्कल करणारे लगेच धावले. त्यांना चकवायला एडीने एक मुका पिकअप आणि नावापुरता स्विच बसवला. तरी ऐंशीच्या दशकात एक जाड पिकअप, एक बटण नि दांडी हा साचाच होऊन बसला. कंपन्यांनी पैसा ओतून जे विकलं, ते एका पोराच्या अडचणीतून निघालेलं होतं.

फेंडरने २००७मध्ये या गिटारीच्या ३०० हुबेहूब प्रती काढल्या, जुन्या गिटारीवरच्या ओरखड्यांसकट. किंमत प्रत्येकी २५,००० डॉलर.