गरिबाच्या हिशेबाचं अर्थशास्त्र : अभिजित बॅनर्जी का वाचावेत?

अर्थशास्त्र म्हटलं की बहुतेकांना बजेटच्या दिवशीची टीव्हीवरची चर्चा आठवते. जीडीपी, राजकोषीय तूट, रेपो रेट हे शब्द कानावरून जातात, पण आपल्या घरच्या किराणाच्या यादीशी त्यांचा संबंध काय, ते कुणी सांगत नाही. मग लोकांचा विश्वासही उडतो. 2017 साली ब्रिटनमध्ये एक पाहणी झाली. आपापल्या विषयात कुणाच्या मतावर विश्वास ठेवाल, असा प्रश्न होता. नर्सवर विश्वास ठेवणारे 84 टक्के निघाले, अर्थतज्ज्ञांवर ठेवणारे फक्त 25 टक्के. ही पाहणी एका अर्थतज्ज्ञानेच आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीला सांगितली आहे, आणि आपल्याच जमातीची कानउघाडणीही केली आहे. त्यांचं नाव अभिजित विनायक बॅनर्जी.

2019 चं नोबेल मिळाल्यापासून हे नाव सगळ्यांना माहीत झालं. पण त्यांनी नेमकं केलं काय, असं विचारलं तर 'गरिबीवर काहीतरी संशोधन' यापलीकडे उत्तर सहसा येत नाही. त्यांच्या कामाचे काही महत्त्वाचे प्रयोग वडोदरा, हैदराबाद आणि कर्नाटकातल्या खेड्यांत झालेले आहेत, म्हणजे आपल्या वाचकांच्या अंगणातच. म्हणून ही सविस्तर ओळख.

मुंबईत जन्म, आई पाटणकरांची

अभिजित बॅनर्जी यांचा जन्म 21 फेब्रुवारी 1961 रोजी मुंबईत झाला. वडील दीपक बॅनर्जी कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. आई निर्मला बॅनर्जी या माहेरच्या पाटणकर, मराठी घरातल्या. त्याही अर्थतज्ज्ञ. असंघटित क्षेत्रात राबणाऱ्या बायकांच्या कामाचा अभ्यास हा त्यांचा विषय. म्हणजे 'हिशेबात न धरलेली माणसं' हा धागा घरातूनच आलेला.

अभिजित वाढले कोलकात्यात. प्रेसिडेन्सीतून 1981 साली पदवी, दिल्लीच्या जेएनयूमधून 1983 साली एमए आणि 1988 साली हार्वर्डमधून डॉक्टरेट. जेएनयूत असताना विद्यार्थ्यांच्या आंदोलनात दहाएक दिवस तिहार जेलमध्येही काढले. 1993 पासून ते अमेरिकेतल्या एमआयटीत शिकवू लागले. 2003 साली एस्थर डुफ्लो आणि सेंधिल मुल्लइनाथन यांच्यासोबत त्यांनी गरिबीवर संशोधन करणारी 'जे-पॅल' ही संस्था उभी केली. नोबेल मिळालं ते डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांच्याबरोबर. डुफ्लो या त्यांच्या पत्नी. पुरस्कार घ्यायला हे दोघं स्टॉकहोमला गेले तेव्हा ते धोतर आणि बंदगळ्यात होते आणि त्या साडीत, हे फोटो अनेकांनी पाहिले असतील.

चिठ्ठी टाकून केलेला अभ्यास

त्यांची पद्धत समजायला अवघड नाही. समजा, एका गावात बचत गटाचं कर्ज घेतलेल्या बायकांची कमाई न घेतलेल्यांपेक्षा जास्त आहे. मग कर्जामुळे कमाई वाढली, असं म्हणायचं का? थांबा. कर्ज घ्यायला पुढे येणारी बाई मुळातच धडपडी असू शकते. कर्ज नसतं तरी तिने चार पैसे जास्त कमावले असते. मग श्रेय कर्जाचं की तिच्या धडपडीचं?

हा गुंता सोडवायला औषधांच्या चाचणीतली युक्ती वापरतात. शंभर वस्त्या घ्यायच्या आणि त्यांतल्या कुठल्या पन्नासांत योजना सुरू करायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. धडपडे, आळशी, सुखवस्तू, अडलेले असे सगळे दोन्ही बाजूंना साधारण सारखेच वाटले जातात. वर्ष-दीड वर्षाने जो फरक दिसेल, तो योजनेचा. अर्थशास्त्रात ही पद्धत विकासाच्या प्रश्नांना लावून धरणाऱ्यांमध्ये बॅनर्जी, डुफ्लो आणि क्रेमर आघाडीवर.

वडोदऱ्याची बालसखी

मुलं शाळेत जातात, पण तिसरी-चौथीत पोचूनही धड वाचता येत नाही, ही तक्रार सगळीकडचीच. त्यावर 'प्रथम' या संस्थेने बालसखी ही योजना काढली होती. त्याच वस्तीतली शिकलेली एखादी तरुणी नेमायची. वर्गात मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना ती रोज दोन तास वेगळं घेऊन बसते आणि अक्षरओळख, बेरीज-वजाबाकी असं पायाचं शिकवते. तिचं मानधन शिक्षकाच्या पगाराच्या मानाने अगदीच थोडं.

बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी मुंबई आणि वडोदऱ्यातल्या शाळांत हे तपासलं. वडोदऱ्यात काही शाळांत तिसरीला आणि काही शाळांत चौथीला बालसखी मिळाली. कुठे काय, ते सोडतीने ठरलं आणि पुढच्या वर्षी अदलाबदल झाली. दुसऱ्या वर्षाअखेर मुलांचे गुण स्पष्टपणे वाढले होते आणि वाढ मुख्यतः सगळ्यात मागे असलेल्या मुलांची होती. वडोदऱ्यातच कॉम्प्युटरवर गणिताचे खेळ देऊन पाहिले, त्यानेही गणित सुधारलं. त्याच निबंधात पुढची गोष्टही लिहून ठेवली आहे. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने ही वाढ बरीचशी ओसरली होती.

धडा साधा आहे. पोर्शन संपवायच्या घाईत वर्ग पुढे जातो आणि मूल मागेच राहतं. मूल जिथे अडलंय तिथून शिकवलं तर ते शिकतं. 'योग्य पातळीवर शिकवणं' या नावाने ही पद्धत पुढे अनेक राज्यांत आणि आफ्रिकेतही गेली. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, अशी ओढाताण ज्या सीमाभागातल्या मुलांची होते, त्यांच्या पालकांनी आणि शिक्षकांनी तर हे मुद्दाम वाचावं.

हैदराबादचं हप्त्याचं कर्ज

मायक्रोफायनान्सबद्दल एके काळी फार मोठे दावे होत. छोट्या कर्जाने गरिबी हटेल, बाई सबल होईल, मुलं शिकतील. हैदराबादेत 104 वस्त्यांत हे तपासलं गेलं. सोडतीने निवडलेल्या 52 वस्त्यांत 'स्पंदना' या कंपनीने शाखा उघडल्या. दीड वर्षाने पाहिलं तर लोकांनी कर्ज घेतलं होतं, घरात टिकाऊ वस्तू आल्या होत्या, चहा-तंबाखूसारख्या किरकोळ चैनीवरचा खर्च थोडा कमी झाला होता. ज्यांचा धंदा आधीपासून चांगला चालत होता, त्यांचा नफाही वाढला. पण सरासरी कुटुंबाच्या एकूण खर्चात, मुलांच्या शिक्षणात, आरोग्यात किंवा घरातल्या बाईच्या निर्णयाधिकारात फरक दिसला नाही.

म्हणजे कर्ज वाईट का? तसं त्यांनी म्हटलेलं नाही. सावकाराशिवाय दुसरा दरवाजा उघडतो, एखादी वस्तू घेता येते, हे खरंच आहे. पण ते गरिबीवरचं रामबाण औषध नाही. आठवड्याचा हप्ता डोक्यावर असताना माणूस धोका पत्करून नवीन धंदा काढेल ही अपेक्षाच फोल आहे, हे त्यांनी समजावून सांगितलं. दर आठवड्याला हप्ता भरणाऱ्या कुठल्याही बाईला हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. पण तिचं म्हणणं आकड्यांत मांडून धोरण ठरवणाऱ्यांच्या टेबलावर ठेवायला कुणीतरी लागतं.

कर्नाटकात : बातमी कुणाला सांगावी?

कर्नाटकातल्या 213 गावांत एक गमतीदार प्रयोग झाला. एका सोडतीची माहिती गावात पसरवायची होती. मोबाइल जिंकण्याची संधी होती, त्यासाठी फक्त एक फोन करायचा. काही गावांत ही माहिती वाटेल त्या चार-दोन माणसांना सांगितली, काही गावांत वजनदार, मान असलेल्या मंडळींना. आणखी काही गावांत आधी लोकांनाच विचारलं, 'एखादी गोष्ट सगळ्या गावाला कळवायची असेल तर कुणाला सांगाल?' आणि ज्यांची नावं आली त्यांना सांगितलं.

निकाल असा : वजनदार मंडळींचा विशेष उपयोग झाला नाही. लोकांनी नाव घेतलेल्या 'बातमीदारां'च्या गावांतून मात्र लक्षणीय जास्त फोन आले. हीच युक्ती पुढे हरियाणात लहान मुलांच्या लसीकरणासाठी वापरली, तिथेही ती चालली. सरकारी योजनेची माहिती फक्त पुढाऱ्याच्या हातात देऊन मोकळं होणाऱ्यांनी यातून काय घ्यायचं ते घ्यावं.

किलोभर डाळ

राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यातला प्रयोग सगळ्यात जास्त सांगितला जातो. तिथे लसीकरण फार कमी होतं. 'सेवा मंदिर' संस्थेबरोबर तीन प्रकारची गावं पाहिली. जिथे काहीच केलं नाही, तिथे पूर्ण लसीकरण झालेली मुलं 6 टक्के. जिथे नेमाने, न चुकता लसीचं शिबिर भरवलं, तिथे 18 टक्के. आणि जिथे शिबिराबरोबर प्रत्येक लसीला किलोभर डाळ आणि सगळ्या लसी पूर्ण झाल्यावर ताटांचा संच दिला, तिथे 39 टक्के.

डाळ वाटली म्हणजे खर्च वाढला असेल, असं वाटतं. उलट झालं. नर्स तर दिवसभर बसलेलीच असते. मुलं जास्त आल्यामुळे दर मुलामागचा खर्च जवळपास निम्म्यावर आला. आई-वडिलांना लस नकोच होती असं नाही, 'पुढच्या महिन्यात बघू' असं होत राहायचं. डाळ त्यांना आज निघायला भाग पाडत होती.

हे लेखन कळतं, ते का?

बॅनर्जी आणि डुफ्लो यांचं 'पुअर इकॉनॉमिक्स' 2011 साली आलं. दिवसाला माणशी 99 सेंट, म्हणजे 2005 च्या हिशेबाने आपल्याकडे साधारण 16 रुपये, यात माणूस कसा जगतो, हा त्याचा विषय. पुस्तक समजायला सोपं जातं त्याची तीन कारणं सांगता येतील.

पहिलं, ते सिद्धांताने सुरुवात करत नाहीत, प्रश्नाने करतात. जास्त पैसे हातात आले तर गरीब माणूस जास्त जेवतो का? इथे त्यांनी महाराष्ट्राचाच दाखला दिला आहे. 1983 सालच्या ग्रामीण महाराष्ट्रातल्या आकडेवारीत दिसतं, की खाण्यावरचा खर्च वाढतो तेव्हा साधारण अर्धा भाग जास्त उष्मांकावर जातो आणि अर्धा अधिक चवीच्या, महागड्या खाण्यावर. ज्वारीची भाकरी स्वस्तात पोट भरते, तरी लोक भात, गहू आणि साखर घेतात. यात मूर्खपणा काही नाही. रोजच्या कष्टात थोडा गोडवा सगळ्यांनाच हवा असतो.

दुसरं, ते डोळ्यांसमोरच्या गोष्टीचा अर्थ उलगडतात. वर सळ्या उघड्या असलेली, वर्षानुवर्षं अर्धवट राहिलेली घरं गावोगाव दिसतात. आपण म्हणतो, पैसे संपले असतील. पुस्तकातल्या एका प्रकरणाचं नावच 'वीट-वीट करून बचत' अशा अर्थाचं आहे. बँक लांब, घरात ठेवलेला पैसा खर्च होऊन जातो, म्हणून माणूस चार पैसे आले की विटा घेतो. ते अर्धवट घर हेच त्याचं पासबुक असतं.

तिसरं, चुकलेलं आणि फसलेलंही ते लपवत नाहीत. डाळ देऊनही 61 टक्के मुलांचं लसीकरण अपुरंच राहिलं, हे त्यांच्याच आकड्यांत आहे.

टीका काय होते?

त्यांच्या पद्धतीवर आक्षेपही आहेत आणि ते वजनदार लोकांनी घेतलेले आहेत. 2015 चे नोबेल विजेते अँगस डीटन यांचं म्हणणं, एका ठिकाणी जे चाललं ते दुसरीकडे चालेलच असं या चाचण्यांवरून म्हणता येत नाही. दुसरा आक्षेप असा, की डाळ आणि बालसखी ठीक आहे, पण जमीन, जात, पिकाचा भाव, कारखानदारी या मोठ्या प्रश्नांची सोडत काढता येत नाही. मग ते प्रश्न बाजूलाच राहतात.

या आक्षेपांत तथ्य आहे. बॅनर्जी-डुफ्लोंचा दावाही मुळात मर्यादित आहे. गरिबी एका फटक्यात जाईल असं ते कुठेच म्हणत नाहीत. बऱ्याच योजना फसतात त्या विचारसरणीचा हट्ट, अज्ञान आणि 'चाललंय ते चालू दे' या वृत्तीमुळे, आणि त्या नीट तपासून सुधारता येतात, एवढंच ते सांगतात. एवढंही झालं तरी एखादं मूल वाचायला शिकतं, एखाद्याची लस चुकत नाही.

कुठून सुरुवात करावी?

आधी 'पुअर इकॉनॉमिक्स' घ्यावं, त्यातही भूक आणि बचतीवरची प्रकरणं. 2019 चं 'गुड इकॉनॉमिक्स फॉर हार्ड टाइम्स' त्यानंतर. त्यातलं स्थलांतरावरचं विवेचन आपल्याला विशेष जवळचं वाटेल. शहरात कमाई जास्त असते हे दिसत असूनही बहुतेक माणसं गाव सोडत नाहीत. बांगलादेशात रंगपूर भागात उपासमारीच्या हंगामात नुसतं बसभाड्याइतकं पैशाचं बळ दिलं, तेव्हा कुठे बरीच कुटुंबं माणूस बाहेर पाठवायला तयार झाली. ज्यांचे पणजोबा कधीतरी इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबादला जाऊन स्थिरावले, त्यांनी हे वाचताना त्या पहिल्या प्रवासाची किंमत जरूर आठवावी. आणि जड वाचन नकोच असेल तर 2021 चं त्यांचं स्वयंपाकाचं पुस्तक आहे, 'कुकिंग टू सेव्ह युअर लाइफ'.

पुढच्या वेळी कुणी पुढारी किंवा कंपनी नवी योजना घेऊन दारात आली, तर बॅनर्जींचा एक प्रश्न खिशात असू द्या : 'हे ज्यांना मिळालं आणि ज्यांना मिळालं नाही, त्यांच्यात नेमका काय फरक पडला?' उत्तर द्यायला समोरचा अडखळला, तर सही करायची घाई करू नका.