हेडचा स्क्रू

१९७५ची दिवाळी होऊन गेली आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हा टॉकीजमध्ये तुम्ही मावसभावाच्या शेजारी बसला आहात. बाहेर 'हाउसफुल्ल'चा बोर्ड लटकतोय. 'शोले' लागून तीन महिने होत आले, तरी गर्दी हटायला तयार नाही.

दिवे मालवतात. मालगाडीच्या प्रसंगात घोड्यांवरचे डाकू गाडीच्या बाजूने धावू लागतात, आणि तुमच्या लक्षात येतं की टापा नुसत्या दिसत नाहीत, त्या सरकताहेत. घोडा जिकडे जातो तिकडेच त्याचा आवाज जातो. पुढे अमिताभ नाणं उडवतो. ते पडतं तेव्हा पुढच्या रांगेतला एक जण चक्क वाकून खुर्चीखाली बघतो. त्याला कोणी हसत नाही, कारण नाणं जवळच कुठेतरी पडल्यासारखं तुम्हालाही वाटलेलं असतं.

घरी परतल्यावर रात्री तुम्हाला झोप येत नाही, ती गब्बरमुळे नव्हे. ते नाणं इतकं खरं कसं वाजलं, हाच प्रश्न डोक्यात घोळत राहतो.

उत्तर पुढे काही वर्षांनी रद्दीच्या दुकानातल्या जुन्या मासिकांमधून तुम्हाला मिळणार आहे, पण इथेच सांगून टाकतो. ७० एमएम फिल्मच्या कडांना लोहाच्या ऑक्साइडचे बारीक पट्टे चढवलेले असतात. त्यांवर सहा वेगवेगळे ध्वनिपथ असतात, पाच पडद्यामागच्या स्पीकरांसाठी आणि सहावा प्रेक्षागृहातल्या भिंतींवरच्या स्पीकरांसाठी. ही फिल्म आवाज वाचणाऱ्या चुंबकीय हेडसमोरून सेकंदाला सुमारे ५७ सेंटिमीटर वेगाने पळते. हा आकडा लक्षात ठेवा. पट्टी जितकी जोरात पळेल तितका बारीक आवाज तिच्यावर ऐसपैस मावतो. नाण्याची किणकिण ही सगळी बारीक आवाजांचीच करामत असते.

तुमच्या घरी मात्र फळीवर व्हॉल्व्हचा रेडिओ आहे, वर विणलेलं झाकण. त्याच्या परवान्याचे पैसे दरवर्षी पोस्टात भरावे लागतात. मीडियम वेव्हवर त्यातून झांज वाजली की पत्र्यावर वाळू पडल्यासारखं ऐकू येतं. आजवर ते खटकलं नव्हतं, आता खटकायला लागतं. एकदा कान असा बिघडला की दुरुस्त होत नाही, आणि आवाजाच्या छंदातल्या प्रत्येकाचा कान असाच कुठेतरी बिघडलेला असतो.

आता आठ वर्षं पुढे या. १९८३. तुम्हाला बँकेत नोकरी लागली आहे, शनिवार अर्धा दिवस. जेवून गिरगावातून निघालात की चालत लॅमिंग्टन रोड. मिनर्व्हा तिथेच आहे, पण तुमचं लक्ष तिकडे नाही. तुमची नजर फुटपाथलगतच्या दुकानांवर आहे, जिथे रेझिस्टर मुठीने आणि वायर वजनावर मिळते.

शोकेसमध्ये कॉस्मिक आणि सोनोडाइनचे अॅम्प्लिफायर आहेत. तुम्ही प्रत्येक वेळी थांबता, नॉब बघता, पुढे सरकता. परदेशी माल हवा असेल तर जकात भरमसाट, नाहीतर कुणाचा तरी भाऊ दुबईहून यायला हवा. म्हणून या शहरात आवाजाचं वेड असलेला माणूस हातात सोल्डरिंग आयर्न घेतो. ही टंचाई मी कधीच गोड मानणार नाही, तिने अनेकांची हौस मनातच मारली. पण जे टिकले त्यांना तिने यंत्र आतून दाखवलं, एवढं मात्र मान्य करायला हवं.

"टू एन ३०५५, चार," तुम्ही सांगता.

"ओरिजिनल दूँ या लोकल?"

"ओरिजिनल."

शेठ मागच्या खणातून चकचकीत, टोपीसारखे चार ट्रान्झिस्टर काढून काचेवर ठेवतो. कागदावर या जातीला ११५ वॅट सोसतात. मात्र त्यांची धातूची टोपी हीच कलेक्टर असते, म्हणजे त्या टोपीत थेट वीज. हीटसिंकवर तसेच बसवले तर सगळं शॉर्ट. म्हणून मधे अभ्रकाचा पातळ पापुद्रा घालायचा, त्याच्या दोन्ही अंगांना पांढरी पेस्ट लावायची. उष्णता पार व्हावी आणि वीज अडावी, अशी ही योजना आहे. घरी पापुद्रा उजेडाला धरून बघा. त्यावर एखादी चीर किंवा लोखंडाचा एखादा कण राहिला, तर महिन्याभराच्या पगारातून वाचवलेलं सगळं क्षणात जळेल.

पुढचे आठवडे मी भराभर सांगतो. तांब्याचा पत्रा चढवलेल्या बोर्डावर तुम्ही इनॅमल पेंटने रेषा काढता, मोरीत प्लॅस्टिकच्या ताटात फेरिक क्लोराइडमध्ये तो हलवत बसता, फरशीवर न जाणारे तपकिरी डाग पडतात आणि आईची बोलणी खाता. तपकिरी, काळा, नारिंगी म्हणजे दहा किलोओहम हे झोपेतही आठवू लागतं. खोलीभर राळेचा धूर होतो. शेजारचे काका दारातून विचारतात, "काय रे, होम घातलायस का?"

आणि ती रात्र येते. अॅम्प्लिफायर थेट मेनला लावायचा नसतो. लाकडी पाटावर तुम्ही सिरीज बोर्ड केला आहे, त्यात शंभर वॅटचा बल्ब. वीज आधी बल्बमधून जाणार, मग अॅम्प्लिफायरमध्ये. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण उजेडाने पेटेल, आणि तुमचे ट्रान्झिस्टर वाचतील.

बटण दाबा.

बल्ब भक्कन पेटतो. पोटात गोळा येतो. मग तो लालसर होतो, आणखी मंद होतो, तार जेमतेम दिसेल एवढ्यावर येऊन थांबतो. मोठे कपॅसिटर भरून झाले. शॉर्ट नाही. तुम्ही हीटसिंकला बोट लावता, गार आहे. अर्ध्या मिनिटाने पुन्हा लावता, गार आहे. तुम्ही आईला हाक मारता. आई येते, बल्बकडे बघते आणि म्हणते, "बरं पेटलंय की." तुम्ही तिला समजावू पाहता की पेटला नाही म्हणूनच आनंद आहे.

स्पीकर जोडल्यावर मात्र घूंऽऽ असा हम येतो, तानपुऱ्याच्या खर्जाच्या अगदी शेजारी, गाणं नासवेल असा. त्यात दोन रविवार जातात. चूक अर्थिंगमध्ये आहे. तुम्ही ते जागोजागी चेसिसला जोडलं आहे, आणि त्या वेगवेगळ्या वाटांतून मेनचा प्रवाह फिरतोय. सगळ्या अर्थिंगच्या तारा सोडवून एकाच बोल्टवर आणता, आणि हम जातो. तो गेल्यावर खोलीत जी शांतता उरते ती याआधी तुम्ही ऐकलेली नसते. चांगल्या अॅम्प्लिफायरची परीक्षा इथे होते, तो किती मोठा वाजतो यात नाही, असं मी ठामपणे म्हणेन.

स्पीकरांसाठी प्लायवूडच्या पेट्या परवडत नाहीत. तेव्हा कित्येक हौशी मंडळी करतात तेच तुम्हीही करता. कुंभाराकडून दोन जाड मडकी आणता आणि त्यांच्या तोंडाशी आठ इंची स्पीकर बसवता. यात भाबडेपणा नाही. पेटीच्या समोरासमोरच्या समांतर भिंतींमध्ये ठरावीक सूर घुमत राहतात. मडक्याला अशा समांतर भिंतीच नसतात, आणि भाजलेली माती जाड असली तर स्वतः थरथरत नाही. आत थोडा कापूस भरा. तबल्याचा डग्गा ऐका.

आशियाई खेळांच्या निमित्ताने रंगीत टीव्ही आला त्याला आता वर्ष झालंय. चाळीत वर्गणी काढून एका रात्रीपुरता रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने येतो. एका रात्रीत तीन पिक्चर. गॅलरीत सतरंज्या, जिन्यावर पोरं. चित्र बरं आहे, कारण व्हीसीआरमधला ड्रम मिनिटाला १५०० फेरे घेत तिरकस पट्ट्यांनी चित्र वाचतो. आवाजाला मात्र टेपच्या कडेची एक निरुंद पट्टी दिली आहे, आणि ती हेडसमोरून सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर सरकते. मिनर्व्हातले ५७ आठवा. तरी तुम्ही ऑडिओ आउटची वायर अॅम्प्लिफायरला लावता, मडकी टीव्हीच्या दोन बाजूंना ठेवता, ट्रेबल थोडा चढवता. पहिलं गाणं सुरू होतं आणि जिन्यावरची पोरं गप्प होतात. मागून कोणीतरी ओरडतं, "अरे, आवाज असाच ठेव!"

पण तुमचं मन खरं अडकलंय ते कॅसेटमध्ये. चोरबाजारातून घेतलेला डेक आहे. दुकानातून एलपीवरून भरून आणलेला किशोरीताई आमोणकरांचा भूप राग त्यावर वाजतोय. स्वर आहे, पण पातळ पडदा मधे असल्यासारखा. तुम्ही हेड स्पिरिटने पुसलंय, बेल्ट बदललाय. पडदा काही हलत नाही.

आता जवळ या, कारण हे फार बारीक आहे. कॅसेटची टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर चालते. सेकंदाला दहा हजार कंपनांचा बारीक आवाज तिच्यावर लिहिला, तर त्याची एक लाट ४.७६ मायक्रॉन लांबीची होते, केसाच्या जाडीचा जेमतेम पंधरावा भाग. हेडमधली फट टेपच्या चालीला तंतोतंत काटकोनात नसेल, तर तिच्या एका टोकाला लाटेचा माथा येतो आणि दुसऱ्या टोकाला खळगा. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. जाड आवाज राहतात, बारीक विरतात. तुमच्या त्या पडद्याचं कारण हे.

हेडशेजारी दोन स्क्रू आहेत. एकाखाली स्प्रिंग आहे आणि वर कारखान्यातला लाल रंगाचा ठिपका, हलवू नका असं बजावणारा. तुम्ही अॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण दाबता, म्हणजे डावा आणि उजवा आवाज एकत्र येतील आणि जराशी चूकही लगेच कानात येईल. फुलीचा बारीक स्क्रू ड्रायव्हर घेता. त्याला चुंबकत्व नाही ना हे टाचणीला लावून बघता, नाहीतर हेडचंच नुकसान. टेप चालू असतानाच स्क्रू किंचित डावीकडे. आवाज आणखी मातकट होतो. परत. उजवीकडे, अगदी घड्याळाच्या मिनिटकाट्याइतकं.

तानपुऱ्याची जवारी उघडते.

अजून थोडं. तबल्याच्या चाटीचं टोक येतं, स्वर घेण्याआधीचा श्वास ऐकू येतो. थोडं पुढे जाता, पुन्हा धूसर. मागे. थांबा. इथे. याच ठिकाणी सोडा, ठिपक्याच्या जागी बहिणीची नेलपॉलिश लावा. ही टेप तुम्ही महिनाभर रोज ऐकली आहे, आणि तो श्वास सगळा वेळ तिच्यात होता.

बातमी चाळीत पसरायला वेळ लागत नाही. आठवड्याभरात तिसऱ्या मजल्यावरच्या आजी आपला जुना टेपरेकॉर्डर पदराखाली धरून येतात. सोबत एकच कॅसेट, कोकणातल्या देवळात उत्सवाला त्यांच्या भावाने केलेलं कीर्तन, कुणीतरी तिथल्या तिथे भरलेलं.

"शब्द कळत नाहीत रे बाळा. टाळ तर ऐकूच येत नाहीत."

तुम्ही तुमच्या डेकमध्ये घालून बघता, ज्याचं हेड आता अगदी सरळ आहे. तिथेही टाळ नाहीत. मग उलगडतं. ज्या मशीनवर हे भरलं, त्याचंच हेड तिरकं असणार. सरळ हेडला ही टेप कधीच नीट वाचता येणार नाही. तिच्या तिरकेपणाइतकं तिरकं व्हावं लागेल.

आजींच्या मशीनचा स्क्रू तुम्ही फिरवता, चांगला अर्धा आटा. मातकट, मातकट, आणि अचानक टाळ. मागे मृदंग. अभंगाचा शब्द स्पष्ट, त्यातला 'श' आणि 'स' वेगळा. आजी पुढे वाकतात आणि भावाबरोबर पुटपुटू लागतात.

मग त्यांना शंका येते. "पण मग बाकीच्या कॅसेटी?"

"त्या आता वाईट वाजतील, आजी."

"मग रे?"

"त्या लावायच्या झाल्या की मला हाक मारा. हा स्क्रू किती फिरवला ते मी लिहून ठेवलंय."