रविवारचा चहा आणि रविकिरण मंडळ

मराठी कवितेला श्रोत्यांपर्यंत नेण्याचे श्रेय रविकिरण मंडळाला सहज दिले जाते, पण माझ्या मते पुण्यात 1923 साली जमलेल्या या कवींची मोठी कामगिरी छपाईच्या आधीची आहे. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, मनोरमाबाई आणि श्री. बा. रानडे ही मंडळी रविवारी चहाला बसत, नव्या कविता एकमेकांना वाचून दाखवत आणि त्यांवर चर्चा करत. संपादकाच्या होकार-नकारापेक्षा हा समव्यवसायी कान अधिक उपयोगी, कारण तो कवितेचे काय बिघडले हे सांगू शकतो. यावर जुना आक्षेप असा की ही परस्परस्तुतीची बैठक होती. विनोदी लेखक अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ या संग्रहात या कवींची विडंबने केली, तीही बरीचशी रास्तच, कारण लकबी सांसर्गिक असतात. तरी नुसती स्तुतीच चालली असती तर सगळे एकाच सुरात लिहू लागले असते. प्रत्यक्षात फारसीचे अभ्यासक माधव जूलियन गझलेकडे आणि ‘छंदोरचना’ या छंदशास्त्रावरील ग्रंथाकडे वळले, गिरीश खंडकाव्यात रमले, यशवंतांनी घरगुती भाव जपला. मंडळाच्या कवितेतला बराच भाग आज वाचवत नाही. छपाईआधी ऐकवण्याची त्यांची शिस्त मात्र त्या कवितेपेक्षा सरस होती.