गोल बटण रुग्णाच्या हाती

पहाटे साडेतीनची वेळ फार वाईट. ज्यांना संधिवात आहे त्यांना मी काय म्हणते ते लगेच कळेल. रात्रीच्या गोळीचा जोर ओसरलेला असतो, सकाळच्या गोळीला अवकाश असतो आणि बोटं अशी आखडलेली असतात, की पांघरूणसुद्धा धड ओढून घेता येत नाही. घरच्यांना उठवावं, तर सांगायचं काय? दुखतंय हे त्यांना १९ वर्षांपासून माहीत आहे. अशा वेळी मी उशाशी ठेवलेलं गाण्याचं यंत्र लावते. दिसायला ते जुन्या रेडिओसारखं आहे आणि त्याला चांगलं मोठं गोल बटण आहे.

गाण्यानं दुखणं बरं होतं का, असं कुणी विचारलं तर मी 'नाही' म्हणेन. मग गाण्याचा उपयोग होतो का? तर 'होतो' म्हणेन. या दोन उत्तरांचा मेळ कसा घालायचा, हे शोधायला मी इतिहासात शिरले. जन्मभर शाळेत इतिहासच शिकवला, त्यामुळे खोडही तीच.

दुखणं नवीन होतं तेव्हा एका हितचिंतकांनी मला सीडींचा संच आणून दिला. प्रत्येक सीडीवर रागाचं नाव आणि त्याखाली रोगाचं. संधिवाताची सीडी मी ४० दिवस नेमानं ऐकली. राग सुंदर, वादकही तयारीचा. पण सांधे होते तसेच. सोबतच्या पत्रकात छापलं होतं, 'श्रद्धेनं ऐकल्यास गुण येतो.' म्हणजे गुण आला नाही तर दोष माझ्या श्रद्धेचा! आधीच दुखणं, त्यात हा आरोप. तो मला सांध्यांपेक्षा जास्त लागला.

संगीत आणि वैद्यक यांचं नातं आपल्याकडे जुनं आहे, यात शंका नाही. १३व्या शतकात देवगिरीच्या, म्हणजे आजच्या दौलताबादच्या, यादव दरबारी शार्ङ्गदेव होता. घराणं मूळचं काश्मीरचं. सिंघण राजाच्या पदरी तो हिशेबखात्याचा प्रमुख होता आणि वैद्यकाचाही जाणकार होता. त्यानं 'संगीतरत्नाकर' हा थोर ग्रंथ लिहिला. त्याच्या पहिल्याच अध्यायात गर्भापासून माणसाचा देह कसा घडतो, याचं सविस्तर वर्णन येतं. गाणं देहातून उमटतं, तेव्हा आधी देह जाणून घ्या, अशी ही वैद्याची शिस्त. पण देहाचं वर्णन म्हणजे काही औषधाची चिठ्ठी नव्हे.

दवाखान्यात गाण्याचं यंत्र कसं आलं, ते पाहायला अमेरिकेत जावं लागतं. पेनसिल्व्हेनिया राज्यात इव्हान ओनील केन नावाचे शल्यविशारद होते. १९२१ मध्ये त्यांनी स्वतःचं अपेंडिक्स स्वतःच कापून काढलं, इतका धाडसी माणूस! त्यांनी १९१४ मध्येच अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात शस्त्रक्रियागृहातल्या फोनोग्राफबद्दल लिहिलं होतं. भूल देण्याआधी घाबरलेल्या रुग्णाचं मन तबकडीवरच्या गाण्यात गुंतवायचं, एवढंच त्यांचं म्हणणं.

पुढचा प्रयोग दातांच्या दवाखान्यातला. डॉ. वॉलेस गार्डनर हे दंतवैद्य आणि जे. सी. आर. लिकलायडर हे शास्त्रज्ञ एकत्र आले. हेच लिकलायडर पुढे संगणकांच्या जाळ्याची कल्पना मांडणारे म्हणून ओळखले गेले. त्यांची पद्धत अशी : खुर्चीतल्या रुग्णाच्या कानावर हेडफोन आणि हातात एक छोटी पेटी. आधी संगीत चालू. दुखेलसं वाटलं, की रुग्णानं स्वतः बटण फिरवायचं आणि धबधब्यासारखा घोष वाढवायचा. १९६० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात त्यांनी आकडे दिले. ज्यांना पूर्वी अशा कामासाठी भूल लागत असे, अशा १००० रुग्णांपैकी ६५ टक्क्यांना केवळ आवाजानं पूर्ण आराम पडला होता.

केवढा गाजावाजा झाला असेल! पण शास्त्र टाळ्यांवर थांबत नाही. रोनाल्ड मेलझॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये हीच गोष्ट पारखून पाहिली. बर्फाच्या पाण्यात हात बुडवून माणूस किती वेळ कळ सोसतो, हे मोजलं. नुसत्या आवाजानं फारसा फरक पडला नाही. 'यानं दुखणं कमी होईल' या नुसत्या सांगण्यानंही पडला नाही. दोन्ही एकत्र आली तेव्हा मात्र माणसं जास्त वेळ टिकली.

हे वाचलं तेव्हा मी जरा चपापले. म्हणजे त्या पत्रकातली श्रद्धा अर्धी खरीच होती की काय? पण दोनच वर्षांनी, १९६५ मध्ये, याच मेलझॅक यांनी पॅट्रिक वॉल यांच्यासह 'द्वार सिद्धान्त' मांडला. वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत जणू एक फाटक लागतं. ते किती उघडायचं, यावर खालून येणाऱ्या इतर संवेदनांचा जसा परिणाम होतो, तसा वरून मेंदूकडून येणाऱ्या हुकमांचाही होतो. लक्ष, भीती, अपेक्षा ही सगळी त्या हुकमात आली. पुढे या सिद्धान्तातले बारकावे बदलले, पण वेदनेच्या वाटेवर मेंदूचा हात चालतो, ही गोष्ट टिकली. तेव्हा कुणाचं फाटक कमी बंद झालं, तर तो मज्जातंतूंचा व्यवहार झाला. त्यात भक्ती कमी पडल्याचा दोष कुठून आला?

आता माझ्यासारख्या जुनाट दुखण्याचं काय? दाताचं दुखणं खुर्चीतून उठलं की संपतं, आमचं संपत नाही. २००६ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं ५१ अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात शस्त्रक्रियेनंतरची आणि इतरही दुखणी होती. संगीतानं वेदना कमी होते, पण थोडीच, दहाच्या मापावर सुमारे अर्धा अंक, असा निष्कर्ष निघाला. २०१७ मध्ये खास जुनाट वेदनेवरच्या अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध झाला. वेदना आणि तिच्या जोडीची उदासी संगीतानं कमी होते आणि रुग्णानं स्वतः निवडलेल्या संगीताचा गुण अधिक येतो, असं त्यात दिसलं.

स्वतः निवडलेलं! गार्डनरच्या रुग्णांच्या हातातलं बटण मला इथे पुन्हा आठवलं. माझ्यासाठी राग कुणी दुसऱ्यानंच निवडला होता, दिवसही त्यानंच ठरवले होते. आज पहाटे मी लावते ती बालगंधर्वांची जुनी ध्वनिमुद्रणं. त्यांत खरखर पुष्कळ आहे, कुणी वैद्य ती लिहून देणार नाही. पण ती वडिलांच्या फोनोवर लहानपणी ऐकलेली आहेत. कुठली तान कुठे वळणार हे मला ठाऊक असतं. मन त्या वळणाची वाट पाहत पुढे जातं आणि तेवढा वेळ बोटं मागे राहतात.

गोळ्या मी एक दिवसही सोडलेल्या नाहीत, हे आवर्जून सांगते. सांध्यांची झीज गाण्यानं थांबत नाही, त्यासाठी औषधच हवं. दहापैकी अर्धा अंक ही कुणाला थट्टा वाटेल. पहाटे साडेतीनला तो अर्धा अंक ज्याला मिळाला, त्यालाच त्याचं मोल कळतं.

घरात कुणी दुखणाईत असेल, तर त्याच्या उशाशी गाणं जरूर ठेवा. मात्र कोणतं हवं, ते आधी त्याला विचारा. ऐकायचं नसेल तर तेही ऐकून घ्या. आणि यंत्राचं बटण मोठं असू द्या. माझं मी दोन्ही तळहातांमध्ये धरून फिरवते. वेळ लागतो, पण फिरवते मीच.