भाताच्या मुळांशी कार्बनची ठेव

कामोठे, प्रतिनिधी : सिडकोची वसाहत उभी राहण्यापूर्वी कामोठे परिसरात भातखाचरे होती. पनवेल तालुक्यात आज जी खाचरे शिल्लक आहेत, ती केवळ धान्य देत नाहीत; हवेतील कार्बन साठविण्याची क्षमताही त्यांच्यात आहे. मात्र हा साठा केवळ पीक घेतल्याने होत नाही. तो मशागतीच्या पद्धतीवर अवलंबून असतो.

भात, नाचणी, ज्वारी, गहू ही तृणधान्ये प्रकाशसंश्लेषणाद्वारे हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात. दाणे माणसांच्या आणि पेंढा जनावरांच्या पोटात जातो व त्यातील बहुतांश कार्बन लवकरच हवेत परततो. पेंढा किंवा राब जाळल्यास तो तत्काळ परततो. मुळे मात्र जमिनीत राहतात. ती कुजताना कार्बनचा काही अंश मातीच्या सूक्ष्म कणांना चिकटून अनेक वर्षे टिकतो. एक किलो कार्बन मातीत टिकणे म्हणजे सुमारे ३.६७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेबाहेर राहणे होय.

तृणधान्यांच्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म कणही तयार होतात. ‘फायटोलिथ’ नावाच्या या कणांत थोडा कार्बन बंदिस्त होतो. पार आणि सुलिव्हन या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००५ मध्ये त्याकडे लक्ष वेधले. त्याच्या प्रमाणाबाबत मात्र शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

नांगरणीमुळे माती मोकळी होऊन हवा खेळते, जिवाणूंचे काम वाढते आणि साठलेला कार्बन निसटतो. रायगड जिल्ह्यातच यावर एक पर्याय रुजला आहे. नेरळच्या सगुणा बागेचे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या ‘एसआरटी’ पद्धतीत नांगरणी, चिखलणी व लावणी टाळून कायमस्वरूपी गादीवाफ्यांवर भात टोकला जातो. कापणीनंतर मुळे जमिनीतच राखली जातात आणि त्याच वाफ्यांवर वालासारखे पुढील पीक घेता येते. पाणी तुंबवून ठेवावे लागत नसल्याने मिथेन वायूही कमी निर्माण होतो. तणनाशकाचा वापर ही या पद्धतीची आक्षेपार्ह बाजू होय.

मातीच्या साठवणुकीला मर्यादा आहे. काही वर्षांनी वाढ थांबते आणि पुन्हा नांगरणी सुरू केल्यास साठलेला कार्बन घटू लागतो. खाचरावर इमारत उभी राहिल्यास तर दरवर्षी मुळांवाटे पडणारी भरही कायमची थांबते.