मुद्रा कुणाची, शब्द कुणाचे?

तुकोबांच्या अभंगांना दोन तऱ्हेचे चोर भेटले. परंपरा सांगते, की सालोमालो तुकोबांचे शब्द उचलून शेवटी आपले नाव घालीत असे. दुसरे चोर निनावी. त्यांनी ‘तुका म्हणे’ ही मुद्रा ठेवली आणि तिच्या आड स्वतःचे शब्द सरकवले. ते प्रक्षिप्त अभंग वेगळे काढताना संपादकांची दमछाक होते. आज आंतरजालावर आपल्या नावाने भलताच मजकूर फिरू लागला, तर यांतली कोणती चोरी झाली हे आधी ठरवावे लागते. कायद्यात दोहोंच्या वाटा निराळ्या आहेत.

आपला कायदा ज्या इंग्रजी परंपरेतून आला, तिच्यात शब्दांचा निवाडा आधी झाला. एडमंड कर्ल या प्रकाशकाने परवानगीवाचून पत्रे छापली म्हणून १७४१ साली अलेक्झांडर पोप न्यायालयात गेला. लॉर्ड हार्डविक यांनी ठरवले, की कागद ज्याला पत्र आले त्याचा, शब्द मात्र लिहिणाऱ्याचे. (याच पोपने १७३५ साली आपली पत्रे कर्लच्याच हाती पडावीत अशी गुप्त तजवीज केली होती, ही गंमत वेगळी!)

नावाचा प्रश्न १८१६ साली आला. बायरन परदेशी असताना जॉन्स्टन नावाच्या प्रकाशकाने त्याच्या नावावर परक्या कवितांची जाहिरात केली. त्या बायरनच्याच आहेत असे आपण मानतो, एवढे शपथेवर सांगायलाही तो धजेना, आणि न्यायालयाने मनाई हुकूम दिला. जे आपण लिहिलेच नाही त्यावर आपला कॉपीराइट कसा असणार? म्हणून इथे रक्षण झाले ते नावाचे.

आपल्याकडे १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ सालोमालोला पुरते. हक्क विकले तरी लेखक म्हणवून घेण्याचा आणि कीर्तीला बाध आणणाऱ्या मोडतोडीला हरकत घेण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. मन्नू भंडारी यांच्या ‘आपका बंटी’वर ‘समय की धारा’ हा चित्रपट निघाला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने १९८६ साली याच कलमाचा अर्थ लावला. वाद तडजोडीने मिटला; विवेचन उरले.

निनावी चोरांसाठी मात्र दुसरी दारे ठोठवावी लागतात. मजकुराने बदनामी होत असेल तर १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ आहे. तोतयेगिरीने कुणाला फसवले असेल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ड. पण नुसत्या सुमार कवितेखाली आपले नाव घातले, तर? त्यात ना फसवणूक, ना धड बदनामी. मग दिवाणी दावा उरतो, आणि बायरनच्या दाव्यासारखा प्रतिवादी ठाऊक नसला, तरी तो अज्ञात व्यक्तींविरुद्धही लावता येतो.